त्याचं डावं

पहिल्याच दिवशी भोईर सिस्टरनी फळ्यावर हृदय काढलं,
जरा तिरकं, फणसाच्या गऱ्यासारखं,
आणि विचारलं, यात डावं कुठलं?
मी फळ्याची डावी बाजू दाखवली.
खडू झटकत त्या म्हणाल्या,
तुझं डावं नाही गं. त्याचं डावं.
जो टेबलावर झोपलाय त्याचं.
इथे यापुढे दिशा सगळ्या त्याच्या.

चार खोल्या, चार दारं,
दारं एकाच बाजूला उघडणारी.
उजवीकडे येतं ते रक्त दमलेलं, काळपट,
नाईट शिफ्ट करून आल्यासारखं,
फुप्फुसांत जाऊन तोंड धुतं
आणि डावीकडून पुन्हा कामाला लागतं.
मी वहीत बाण काढले, लाल आणि निळे.

मग श्वास.
श्वास मोजतोय हे सांगायचं नाही.
सांगितलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घेतो,
फोटोसाठी पोट आत घेतात तसा.
नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही,
नजर हळूच छातीवर न्यायची.
मी विचारलं, सिस्टर, हे खोटं नाही का?
त्या थांबल्या. आहे थोडं, म्हणाल्या.
एका मिनिटापुरतं.
त्याहून जास्त वापरू नकोस.

तुर्भे स्टोअरच्या मागे आमचा दवाखाना.
खाणीकडची खिडकी बंदच असते,
तरी इसीजीच्या मशीनवर रोज सकाळी
बोटाने नाव लिहिता येईल इतकी पांढरी धूळ.

तिमण्णा धोत्रे, वय बावन्न, काम दगडफोड.
बटणं तुम्ही सोडता की मी सोडू, विचारलं,
तर तो मशीनकडे बघून लाजला.
बरगड्यांवरून बोट उतरवत गेले,
दोन, तीन, चार,
इतक्या स्पष्ट की चाचपावंच लागलं नाही.
चिकटपट्टी दोनदा सुटली.
घाम, की धूळ, मी दोन्ही पुसलं.
हृदय कागदावर बरं उमटलं.
बोटाच्या चिमट्यात ऑक्सिजन एकोणनव्वद.
मनगट धरलं. नाडी झाली. धरूनच ठेवलं.
अठ्ठावीस.

पडद्याबाहेर मुकादम.
काय निघालं? टीबीच ना?
डॉक्टरांना म्हणावं टीबी लिहा, बाकी काही नको.
मी म्हटलं, पडद्याआतलं बाहेर येत नाही.
अहो, मीच आणलाय त्याला.
रिक्षाचे पैसे मी दिलेत.
मला माझी वही आठवली,
एकाच बाजूला उघडणारी दारं.
बसा, म्हटलं. पाणी हवंय का?
एवढंच. हे सोपं होतं.

अवघड आतच होतं.
ताई, तो म्हणाला, बसवलेल्या खाटेवर
दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून,
माझ्या छातीत दगडच जमलाय ना?
ह्याचं उत्तर माझ्या हुद्द्यात नव्हतं.
"काही नाही, बरं वाटेल" हे जिभेवर आलं होतं,
तेही माझ्या हुद्द्यात नव्हतं.
मी म्हटलं, तुम्ही विचारलंत हे डॉक्टरांना सांगते.
ते सांगतील तेव्हा मी इथेच उभी असेन.
आणि केसपेपरवर, तक्रार लिहितात त्या रकान्यात,
त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहिलं.
दगड. छातीत. जमलाय का.
मुकादमाची सूचना कुठल्याच रकान्यात बसली नाही.
ती मी डॉक्टरांच्या कानावर वेगळी घातली.

परत आले, मनगट हातात घेतलं.
तो बघत राहिला.
मोजताय ना? नाडी नाही, दम.
मी पकडले गेले. हो म्हटलं.
हसला, हसता हसता खोकला.
सुरुंगाला बत्ती दिली की आम्हीपण मोजायचो, म्हणाला,
मनातल्या मनात, कुणाला न सांगता.
किती झाले?

आकडा त्याचा होता.
मी सांगितला.